अबोला मोडण्याची किंमत

३९ वर्षांची एक बाई झोप लागत नाही म्हणून समुपदेशनाला आली. रक्ताच्या तपासण्या नीट होत्या, थायरॉइड ठीक होतं, नोकरीत विशेष ताण नव्हता. झोपेच्या सवयी विचारताना कळलं की फोन उशाशी असतो आणि त्याचा आवाज रात्रभर चालू असतो. का, असं विचारल्यावर ती म्हणाली, "आईचा फोन आला आणि मी उचलला नाही तर..." वाक्य तिथेच राहिलं. पुढच्या कित्येक भेटी आम्ही त्या अर्ध्या वाक्याच्या उरलेल्या भागावरच बोलत होतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हे प्रकरण कुठल्याही एका खऱ्या घराचं नाही. एकाच घडणीच्या अनेक घरांमध्ये जे दिसतं त्यातून ते जुळवलं आहे. नावं दिलेली नाहीत; या बाईला इथे थोरली म्हणतो, कारण तिच्या घरात तिचं स्थान त्या एका शब्दात येतं.

आई ६६ वर्षांची. वडील काही वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून आई एकटी राहते. थोरलीचं घर तिथून अर्ध्या तासाच्या अंतरावर. धाकटा भाऊ दुसऱ्या शहरात. थोरलीला नवरा आणि ९ वर्षांची मुलगी आहे.

आईविषयी विचारलं तेव्हा थोरलीचं पहिलं वाक्य होतं, "आई वाईट नाहीये हो." अशा घरांतून आलेली बहुतेक मुलं सुरुवात इथूनच करतात, आणि ते खोटं नसतं. ही आई हौशी आहे, बोलायला लागली की समोरच्याला हसवून सोडते, नातीला ताप आला तेव्हा तिच्या उशाशी रात्र जागून बसली होती. आणि हीच आई, ठरलेल्या वेळेपेक्षा फोन उशिरा आला म्हणून, "तुला जन्म दिला हीच माझी चूक" असं म्हणून फोन आपटते आणि मग आठवडाभर बोलत नाही. थोरलीला त्रास फक्त दुसऱ्या आईचा नव्हता. आज दोघींपैकी कोण भेटेल हे कधीच कळत नसे, त्याचा होता. घडीत एक, घडीत एक.

सुरुवातीला मी तिला रोजची नोंद ठेवायला सांगितली. मात्र आईच्या मनःस्थितीची नाही. ती नोंद थोरलीच्या डोक्यात लहानपणापासून चालूच होती. लिहायचं होतं ते स्वतःविषयी: आईशी बोलण्याआधी मी काय केलं, बोलताना शरीरात काय झालं, नंतरच्या तासाभरात काय केलं. त्या वहीतून जे समोर आलं त्यानं तीही चकित झाली. फोन करण्याआधी ती वाक्यांची तालीम करत होती. पलीकडून येणाऱ्या 'हॅलो'च्या सुरावरून पुढची दहा मिनिटं कशी जाणार याचा अंदाज बांधत होती. अबोल्याच्या दिवसांत तिच्या कामात चुका होत होत्या, नवऱ्याशी खटके उडत होते. आणि प्रत्येक अबोल्याचा शेवट एकाच पद्धतीनं होत होता. थोरली आईकडे जायची, दारातच म्हणायची, "माझंच चुकलं." आई जरा वेळ तोंड फिरवून बसायची, मग रडायची, मग जवळ घ्यायची. त्यानंतरचे दोन-तीन दिवस सगळ्यात गोड.

मला या प्रकरणाचा गाभा इथे दिसतो. चंचल स्वभावाच्या आईविषयी बोलताना सगळे भडक्याविषयी बोलतात: ती ओरडते तेव्हा काय करायचं, कसं शांत करायचं. पण भडका वीस मिनिटांत ओसरतो. थोरलीला झिजवत होतं ते भांडण मिटवण्याचं रूप. जे घडलं त्याविषयी कुणी चकार शब्द काढत नसे. कोण काय बोललं, कोणाला काय लागलं, काही नाही. न केलेल्या गुन्ह्याची कबुली द्यायची आणि त्या बदल्यात आई परत मिळवायची, असा तो व्यवहार होता. थोरली तो शाळेत असल्यापासून करत आली होती.

तो इतका पक्का का झाला, हे समजायला बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं काम उपयोगी पडतं. एखाद्या वागण्यानंतर नकोशी गोष्ट थांबली की ते वागणं बळावतं. माफी मागितली की छातीवरचं ओझं उतरतं, म्हणून थोरली पुन्हा माफी मागते. अबोला धरला की मुलगी धावत येते, म्हणून आई पुन्हा अबोला धरते. दोघीही एकमेकींकडून शिकत असतात आणि दोघींनाही ते ठाऊक नसतं. त्यात आईचं प्रेम कधी मिळेल याचा नेम नाही. कधीतरीच आणि अनपेक्षितपणे मिळणाऱ्या बक्षिसामुळे लागलेली सवय सर्वांत चिवट असते, हे स्किनरच्या प्रयोगांमध्ये ठळकपणे दिसलं. "इतका त्रास होतो तर जातेस कशाला?" असं थोरलीला विचारणाऱ्या मैत्रिणींना हे ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांच्या सल्ल्यानं तिला आणखीच एकटं वाटत होतं.

लहानपणाविषयी बोलताना तिनं सांगितलं की जिन्यावरच्या पावलांच्या आवाजावरून आई आज कशी आहे हे तिला कळायचं, आणि त्याप्रमाणे ती धाकट्याला अभ्यासाला बसवायची किंवा बाहेर घेऊन जायची. वडील म्हणायचे, "तू शहाणी आहेस, आईला सांभाळून घे." मुलानं पालकाचं पालकपण करणं, याला कुटुंब-उपचाराच्या क्षेत्रात पालकीकरण म्हणतात, इव्हान बोझोरमेनी-नाज या मानसोपचारतज्ज्ञानं १९७०च्या दशकात ही कल्पना मांडली. आणि वडिलांबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. आईचा पारा चढला की ते फिरायला निघून जात. थोरलीच्या आठवणीत ते शांत, सोशिक, देवमाणूस होते. अशा घरांत सगळ्यांचे डोळे आईवर खिळलेले असतात, आणि दार ओढून निघून जाणाऱ्या माणसाचा हिशोब कुणी मागत नाही. हे बोललं गेलं तेव्हा थोरली माझ्यावर रागावली. पुढच्या भेटीला आली ती वडिलांवर रागावून. तो राग तिला फार उशिरा, पण योग्य पत्त्यावर सापडला होता.

मधल्या काळात तिनं इंटरनेटवर बरंच वाचलं आणि 'बॉर्डरलाइन' (भावना आणि नाती सतत टोकाला जाणारा एक व्यक्तिमत्त्व-विकार) हा शब्द घेऊन आली. आईला हाच आजार असणार, असं तिला वाटत होतं. मी निदान केलं नाही. ज्या माणसाला आपण भेटलेलो नाही त्याचं निदान करता येत नाही. डीएसएम या अमेरिकन निदानपुस्तिकेत या विकाराचे ९ निकष आहेत आणि त्यांतले किमान ५ जुळावे लागतात, तेही दीर्घकाळ आणि आयुष्याच्या अनेक बाजूंमध्ये. मुलीला दिसणारी बाजू एकच. शब्द मिळाला की "म्हणजे हे माझ्यामुळे नव्हतं तर" असा दिलासा मिळतो, आणि तो मोलाचा आहे. पण तो दिलासा मिळायला आईच्या कपाळावर शिक्का मारण्याची गरज नव्हती.

त्याऐवजी मी वेगळा प्रश्न विचारला: हे आधीपासून असंच आहे, की अलीकडे बदललं? उतारवयात स्वभाव नव्यानं भडक झाला असेल तर तो आधी डॉक्टरांचा विषय असतो. थायरॉइडचे विकार, बी-१२ची कमतरता, स्टेरॉइडसारखी औषधं, ऐकू कमी येणं, जंतुसंसर्ग, मेंदूतले लहान झटके, नैराश्य, स्मृतिभ्रंशाचे काही प्रकार. यांपैकी कशामुळेही माणूस अचानक चिडका होऊ शकतो. थोरलीच्या आईचा स्वभाव जुनाच होता, पण वडील गेल्यानंतर तो वाढला होता, म्हणून तपासणी हवीच होती. थोरलीनं सुचवलं असतं तर "मला वेडी ठरवतेस का?" एवढंच उत्तर आलं असतं. धाकटा आला तेव्हा नेहमीची तपासणी म्हणून आईला घेऊन गेला. रक्तदाब वाढलेला निघाला, आणि एका कानानं बरंच कमी ऐकू येतं असंही निघालं. "तू पुटपुटतेस, माझ्याशी नीट बोलायचंच नसतं तुला" या फोनवरच्या कित्येक भांडणांना एक साधं कारणही होतं. कानाला यंत्र लागलं. त्यानं स्वभाव बदलला नाही, पण भांडणांचं एक निमित्त कमी झालं.

थोरलीनं याआधी केलेले उपाय दोन टोकांचे होते. एक, भर भांडणात समजावून सांगणं. दुसरं, तिशीच्या आसपास काही महिने संबंधच तोडणं. मरे बोवेन या कुटुंब-उपचाराच्या प्रवर्तकानं अशा तोडण्याला भावनिक विच्छेद म्हटलं आणि एक महत्त्वाची गोष्ट दाखवली: माणूस दूर जातो, पण धास्ती सोबत घेऊन जातो. थोरलीच्या बाबतीत तंतोतंत तेच झालं होतं. त्या महिन्यांत आईचा फोन येत नव्हता आणि तरी ती रोज त्याचीच वाट पाहत होती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. मारहाण होत असेल, पैसे किंवा घर हिसकावण्याची दहशत असेल, लहान मुलांना धोका असेल, तर दूर जाणंच बरोबर, आणि पुढचं सगळं त्यानंतरचं. थोरलीच्या घरी तसं नव्हतं, आणि तिला आई हवी होती.

काम शरीरापासून सुरू झालं. जॉन गॉटमन यांनी जोडप्यांच्या भांडणांवर दीर्घकाळ संशोधन केलं. नाडी मिनिटाला १०० ठोक्यांच्या वर गेली की ऐकण्याची आणि विचार करण्याची ताकदच घटते आणि शरीर निवायला किमान २० मिनिटं लागतात, हे त्यांचं म्हणणं आई-मुलीलाही लागू पडतं. म्हणून थोरलीसाठी एक वाक्य तयार केलं: "आई, आत्ता मी फोन ठेवते. संध्याकाळी सात वाजता परत करते." आणि सातला फोन करायचाच, समोरून उचलला जावो न जावो. वेळ सांगणं हा या वाक्याचा जीव आहे. आईच्या रागाच्या मुळाशी, आपल्याला सोडून दिलं जाईल अशी भीती असते. नुसता फोन ठेवला तर ती भीती खरी ठरते. सातचा फोन सातला आला तर हळूहळू ती खोटी ठरायला लागते.

दुसरं काम बोलण्याचं. मार्शा लिनेहान यांनी तीव्र भावनांच्या माणसांसाठी डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी उभी केली. आरोप मान्य न करता भावना मान्य करणं हा तिच्यातला कळीचा भाग आहे. "तुला एकटं वाटलं, हे मला कळतं" आणि "हो, मी वाईट मुलगी आहे" यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण थोरलीच्या तोंडून आजवर दुसरंच वाक्य निघत आलं होतं. पहिल्यांदा तिनं नवीन वाक्य म्हटलं तेव्हा आई थबकली आणि म्हणाली, "हे कुठून शिकून आलीस?" तिचं बरोबर होतं, ते वाक्य पाठ केलेलं होतं. मग थोरलीनं ते आपल्या घरच्या बोलीत आणलं. "वाट बघत बसलीस ना? राग येणारच." यावर आई भांडली, पण फोन आपटला नाही.

आणि मग माफी. ठरलं ते असं: जे माझ्या हातून झालं त्याबद्दल एकदा, स्पष्ट माफी. सातला फोन करते म्हणून केला नाही, तर माफी. जे झालं नाही त्याबद्दल नाही. मात्र अबोल्याला उत्तर अबोल्यानं द्यायचं नाही. एक दिवसाआड नेहमीसारखा निरोप पाठवायचा: मुलीच्या शाळेत काय झालं, औषधं संपत आली आहेत का, रविवारी येते आहे. हा भाग थोरलीला सगळ्यात जड गेला. "मी माफी मागत नाही तर बोलायचं कोणत्या तोंडानं?" असं ती विचारत होती. माफी आणि जवळीक तिच्या मनात एकमेकींना इतक्या चिकटल्या होत्या की एक सोडली तर दुसरी जाणारच, असं तिला वाटे.

जुना व्यवहार बंद पडायला लागला की मागणी आधी वाढते. जे पूर्वी थोड्या आवाजात मिळत होतं ते न मिळाल्यावर आवाज चढतो. हे होणार असं मी तिला आधी सांगितलं होतं, आणि त्याची तयारी करून ठेवली होती. माफीविना गेलेल्या पहिल्या अबोल्याच्या चौथ्या दिवशी आईचा निरोप आला: "आता जगून तरी काय करू."

अशा वाक्याला नाटक म्हणून झटकायचं नाही. घाबरून "माझंच चुकलं" म्हणायचंही नाही. सरळ विचारायचं. थोरली ठरल्याप्रमाणे लगेच आईकडे गेली, शेजारच्या बाईंना सोबत बसवलं आणि थेट विचारलं, "आई, जीव द्यायचा विचार येतोय का तुझ्या मनात?" असं विचारल्यानं विचार मनात पेरला जातो, ही भीती अनेकांना असते, ती निराधार आहे. मोकळं विचारल्यानं माणसाला बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' आलं असतं तर आईला एकटं न सोडणं, औषधं आणि इतर धोक्याच्या वस्तू हाताशी न ठेवणं आणि तातडीच्या वैद्यकीय सेवेकडे जाणं, हे सगळं लिहून ठेवलेलं होतं. आई खूप वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मरायचं नाही गं. पण सकाळी उठावंसंच वाटत नाही." हे वाक्य ती वडील गेल्यापासून पहिल्यांदा बोलत होती. त्याच आठवड्यात दोघी डॉक्टरांकडे गेल्या. नैराश्याचं निदान झालं आणि औषधं सुरू झाली.

त्यानंतर जे बदललं त्यातलं औषधांमुळे किती आणि थोरलीच्या बदललेल्या वागण्यामुळे किती, हे वेगळं काढता येत नाही. मी तसा दावाही करणार नाही.

धाकट्याशी बोलणं वेगळं प्रकरणच होतं. आई त्याला फोन करून थोरलीची गाऱ्हाणी सांगायची, आणि तो थोरलीला फोन करून म्हणायचा, "ताई, तूच समजून घे ना, तिचं वय झालंय." दोघांमधला ताण तिसऱ्याला ओढून हलका करायचा, याला बोवेन त्रिकोण म्हणतात. त्रिकोणाच्या तिसऱ्या टोकाला बसलेल्याला तिथे आरामात राहता येतं, म्हणून तो सहजासहजी उठत नाही. धाकटाही उठला नाही. "मला तर ती कधी काही बोलत नाही," असं त्याचं म्हणणं. थोरलीनं वाद घातला नाही, फक्त कामं वाटून मागितली: डॉक्टरांच्या भेटी आणि आठवड्यातले दोन ठरलेले फोन तुझे. फोन सुरू झाल्यावर महिनाभरात आईनं त्याच्यावरही अबोला धरला. त्या रात्री त्यानं बहिणीला फोन केला आणि बराच वेळ नुसता गप्प राहिला. त्यानंतर आई गाऱ्हाणं सांगायला लागली की तो म्हणू लागला, "आई, हे ताईशीच बोल."

थोरलीला सगळ्यात जास्त हलवून गेली ती तिची मुलगी. एका रविवारी आजीकडे निघताना तिनं विचारलं, "आई, आजी आज कशी आहे? मी कशी वागू?" जिन्यावरची पावलं ऐकणारी पोर दुसऱ्या पिढीत तयार होत होती. थोरलीनं तिला जे सांगितलं ते मला फार योग्य वाटतं: "आजीला राग पटकन येतो. तो तुझ्यामुळे येत नाही, आणि तो घालवणं तुझं काम नाही. तू आहेस तशी वाग. आवाज फार चढला तर आपण दोघी घरी येऊ." आणि तसं झालं तेव्हा ती खरोखर उठली. आईला सांगितलं, "पुढच्या रविवारी येतो," आणि आली.

अपराधीपणा मात्र गेला नाही. योग्य वागल्यानंतरही तो येत राहिला, विशेषतः रात्री. त्याच्या खाली दुःख होतं. पॉलिन बॉस या संशोधिकेनं संदिग्ध वियोग अशी कल्पना मांडली: माणूस बेपत्ता असतो पण मनातून जात नाही, किंवा समोर असतो पण मनानं हाती लागत नाही. त्यांचं काम बेपत्ता सैनिकांच्या आणि स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या कुटुंबांविषयी होतं. थोरलीच्या दुःखाला ते नाव मी माझ्या जबाबदारीवर देतो. तिला हवी असलेली आई आठवड्यातून दोन दिवस खरोखर घरी असायची, म्हणून तिच्यासाठी रडायलाही जागा नव्हती. समुपदेशनात त्या रडण्याला जागा मिळाली. कुठलंही तंत्र शिकवण्याआधी ती मिळायला हवी, असं माझं मत आता पक्कं झालं आहे.

वर्षभरानंतरची स्थिती अशी: आई अजूनही भडकते. अबोले होतात, पण लवकर मिटतात. थोरलीचा फोन रात्री बैठकीत असतो. तातडीसाठी आईकडे नवऱ्याचाही नंबर आहे. झोप बरीच सुधारली आहे. एकदा अबोल्याच्या तिसऱ्या दिवशी आईनंच फोन केला आणि म्हणाली, "तुझी छत्री इथेच राहिलीय." माफी नाही, झाल्या गोष्टीचा उल्लेख नाही. थोरलीनं विचारलं, "आता तिनं मागच्या बोलण्याबद्दल काही बोलावं, असा आग्रह मी धरू का?" माझं मत नको असं होतं. आयुष्यात पहिल्यांदा आईनं स्वतःहून पहिलं पाऊल टाकलं होतं, तिला जमेल त्या भाषेत. दुसरे समुपदेशक यावर वेगळं मत देतील, आणि त्यांच्याकडेही कारणं असतील. थोरली म्हणाली, "रविवारी नेते," आणि दोघी पाच मिनिटं इतर गोष्टी बोलल्या.

आता नवा प्रश्न उभा राहिला आहे. आईचे गुडघे थकले आहेत आणि तिला थोरलीच्या घरी राहायला यायचं आहे. धाकट्याला ते सोयीचं वाटतं. थोरलीला आईनं आपल्याच घरी, मदतीला माणूस ठेवून राहावं असं वाटतं, आणि हे आईला अजून कुणी सांगितलेलं नाही. पुढच्या भेटीला दोघं भावंडं एकत्र येणार आहेत. आईला काय सांगायचं, आणि ते कुणी सांगायचं, हे तिथे ठरेल.